लांब पाऊल

डिम्पना क्वर्कच्या हातून पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कुणाचं रक्त निघालं, ते मिसेस गेराटींच्या उजव्या अंगठ्यातून. टिपूसभरच. पण नखं काढणाऱ्या बाईच्या हातून तेवढंही निघू नये. म्हाताऱ्यांचे पाय बघणं हा तिचा धंदा. डब्लिनमधल्या फिब्सबरो आणि ड्रमकोंड्राच्या गल्ल्यांमधली कुरुपं आणि भेगाळलेल्या टाचा तिला माणसांच्या नावांपेक्षा पक्क्या ठाऊक होत्या, आणि हात इतका हलका की मिसेस गेराटी तिच्यासमोर पाय सोडून खुशाल घोरत. आज त्या दचकून जाग्या झाल्या. "काय गं, कापून टाकतेस की काय मला?" "चुकलं, मिसेस गेराटी. हात सरकला." "सरकणारच. ती कार्टी सकाळपासून पलीकडे भिंत किसतेय. साइव्ह! बंद कर ते! तुझ्यापायी बाईंनी माझं बोट तोडलं." पलीकडच्या खोलीतली फिडल, म्हणजे व्हायोलिनच, थांबली. डिम्पनाने अंगठ्यावर कापूस दाबून धरला आणि मान वर केली नाही. नातीचं वाजवणं थांबलं तरी तिच्या कानातलं थांबलं नव्हतं. नाचाची साधी रील होती, चार-चार मात्रांची, पोरं अंगणात गोल पळावीत तशी पळणारी. पण दुसऱ्या भागात, तिसऱ्या वळणावर, जिथे बोट उचलून पुढच्या सुरावर जायचं, तिथे ते उचलत नव्हतं. गज पुढे ओढला जायचा आणि सूर तोच राहायचा, एक मात्रा, वर आणखी अर्धी. कुणी त्यावर नाचत असतं तर त्याचा पाय हवेतच राहिला असता. मग काही झालंच नाही अशा थाटात धून पुढे जायची. त्या दीड मात्रेत डिम्पनाचा हात सरकला होता.

नात दारात येऊन उभी राहिली. विशीची, डोक्यावर केसांचा अर्धवट सुटलेला बुचडा, हातात फिडल तशीच. "सॉरी, आज्जी. बाई, तुम्हालाही सॉरी." "कुठली धून गं ती?" डिम्पनाने विचारलं. विचारायची काहीच गरज नव्हती. पण जीभ जाते ती दुखऱ्या दाताकडेच. पोरीचा चेहरा उजळला. तिला आयुष्यात बहुधा कुणी आपणहून हे विचारलं नव्हतं. "'लांब पाऊल'. पश्चिमेकडच्या क्लेअर परगण्यातली आहे. मार्टी मॅरिनन म्हणून एक म्हातारे होते मिलटाऊनच्या पुढे, त्यांची. खरं नाव कुणालाच माहीत नाही. तो सूर लांबतो ना, म्हणून लोक लांब पाऊल म्हणतात. त्यांची एकच टेप आहे जगात, आणि माझा सगळा प्रबंध त्या एका सुरावर आहे." "एका सुरावर?" मिसेस गेराटी म्हणाल्या. "मग बाकीचे कशाला वाजवतेस दिवसभर?" पोरगी हसली. आज्जीला उत्तर द्यायचं नसतं हे तिला कळत होतं. "ते मुद्दाम तसं करायचे, बाई. नाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा ठेवायची, असं लोक सांगतात. टेप करणाऱ्याचं नाव म्हणून खोक्यावर नुसतं 'डी. लॉलर' लिहिलंय. बाप्या की बाई तेही कळत नाही. एव्हाना मेलाही असेल. तुम्ही कधी क्लेअरकडे होतात का? मॅरिनन हे नाव ऐकलंय?" "नाही," डिम्पना म्हणाली. माहेरचं लॉलर हे नाव तिने नवऱ्याच्या नावाखाली कधीच पुरलं होतं, आणि नवरा गेला तरी वर काढलं नव्हतं. "मला त्यातलं काही कळत नाही." आणि तिने मिसेस गेराटींचा दुसरा पाय मांडीवर घेतला. डावा.

घरापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा, पण ती कालव्याच्या बाजूने लांबून गेली. हातातली बॅग जड झाली होती. नाही म्हणणं इतकं सोपं कसं गेलं याचंच तिला नवल वाटत होतं. जणू तो शब्द पस्तीस वर्षं दाताआड तयारच होता. पहिल्यांदा ती धून ऐकली तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि क्लेअरला गेली होती ती मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला. तोवर तिचं वाजवणं म्हणजे कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिकवलेलं, कागदावर बघून, मान ताठ ठेवून. वडील बसच्या डेपोत होते; त्यांच्या लेखी गावाकडची फिडल म्हणजे वंगण न घातलेलं दार. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उरलेला केक पोचवायला म्हणून दोघी एका घरी गेल्या, तर स्वयंपाकघरात एक म्हातारा फरशीवर बूट आपटत एकटाच वाजवत बसला होता. समोर कुणी नाही. कुत्रंसुद्धा बाहेर. केकची ताटली हातात घेऊन डिम्पना तशीच उभी राहिली. पुढे लोक विचारत, तुला काय वाटलं तेव्हा, आणि तिला सांगता येत नसे. राग आला होता, हे खरं. आपल्याला इतकी वर्षं हे कुणी सांगितलं कसं नाही, याचा राग. मार्टींनी धून संपवली, तिच्याकडे न बघता म्हणाले, "केक ठेव आणि बस. उभ्या माणसाला ऐकू येत नाही." त्यानंतर दर दुसऱ्या शनिवारी ती डब्लिनहून गाडीने एनिसला आणि तिथून कुणाच्या ना कुणाच्या मोटारीत बसून पुढे, अशी दोन वर्षं गेली. पहिल्याच दिवशी त्यांनी तिचा सुरांचा कागद घेऊन चुलीत घातला. रागाने नव्हे, पीट, म्हणजे तिकडचं मातीचं सरपण, नीट पेटत नव्हतं म्हणून. "हा तुझ्या डोळ्यांशी बोलतो, पोरी. तुझे डोळे शिकलेले आहेत, कान अजून अडाणी आहेत." मग चार सूर ते वाजवायचे, चार ती. चुकली की ते बरोबर काय ते सांगत नसत. नुसते पुन्हा वाजवत. त्यांची मुलगी टेस तेव्हा तिशीची होती. चहाचा ट्रे आणता आणता म्हणायची, "डॅडी, त्या पोरीला आधी खाऊ तरी द्या, उपाशीपोटी चुका जास्त होतात." डिम्पनाला घरी कुणी इतकं चिडवलं नव्हतं, आणि इतकं जपलंही नव्हतं.

मार्चमधला शनिवार होता तो. डब्लिनच्या एका लोकसंगीताच्या संग्रहालयातून तिने टेपरेकॉर्डर मागून आणला होता. मार्टींना असल्या यंत्रांचा तिटकारा. दोन वर्षं तिने गळ घातली तेव्हा कुठे हो म्हणाले. यंत्रावर एक काटा होता, आवाज वाढला की तो लाल पट्टीत जायचा, आणि तो जाऊ द्यायचा नाही एवढंच तिला शिकवलेलं. म्हणून ती काट्याकडे बघत होती. मार्टींकडे बघतच नव्हती. त्यांनी चौदा धुना वाजवल्या. पंधरावी ही. आईची, म्हणाले, हिला नाव नाही. दुसऱ्या फेरीत तो सूर लांबला. डिम्पनाने मनात म्हटलं, अरे रे, बिघडलं. फेऱ्या पुऱ्या करून त्यांनी गज खाली घेतला आणि डाव्या हाताची बोटं उघडून मिटून पाहिली. "हात झोपलाय माझा," ते म्हणाले. दुपारचे चार वाजत आले होते, एनिसची मोटार साडेचारला निघायची, आणि यंत्र सोमवारी परत द्यायचं होतं. "अजून एकदा, मार्टी," ती म्हणाली. "ही एकच. मध्ये जरा अडखळलं." त्यांनी पुन्हा फिडल हनुवटीखाली घेतली. अर्ध्यावर सोडली. "आता नको. पुन्हा ये." ती फुरंगटून निघाली, हे तिला चांगलं आठवतं. दारातून नीट निरोपसुद्धा घेतला नाही. मंगळवारी मार्टी गोठ्यात पडलेले सापडले. शुक्रवारी पुरलं. त्या दिवशी कबरीशी वाजवायला सगळ्यांनी तिलाच पुढे केलं, त्यांची शेवटची शिष्या म्हणून, आणि तिच्या हातून तीच धून निघाली, आणि तिसऱ्या वळणावर बोट उचललं गेलं नाही. तिने मुद्दाम केलं नव्हतं. यंत्र परत देईपर्यंत ती ती टेप पुन्हा पुन्हा ऐकत होती, आणि टेपमधला सूर तिच्या बोटांत जाऊन बसला होता. टोप्या काढून उभे असलेले म्हातारे वादक माना डोलावत होते. नंतर चहाच्या वेळी संग्रहालयातले गृहस्थ हॅमचं सँडविच हातात घेऊन तिच्याजवळ आले. "टेपमध्येही तसंच आहे. विलक्षण आहे ते लांबवणं. नेहमीच तसं वाजवायचे का?" तिला म्हणता आलं असतं, नाही, एकदाच. तिला म्हणता आलं असतं, थकले होते, आणि मी अजून एकदा म्हणाले. आणि तिला असंही वाटलं, लपवण्यात अर्थ नाही, की बिघडलेली टेप म्हटल्यावर ती कपाटात पडून राहील आणि आपलं दोन वर्षांचं जाणं-येणं फुकट जाईल. "हो," ती म्हणाली. "नेहमीच."

तिने फिडल सोडली ती त्यानंतर. ठरवून नाही, परीक्षा, मग लग्न, मग पायांचं शिक्षण. त्या शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी एकदा बाईंनी वर्गात दाखवलं होतं, पेशंटला दोन्ही पायांची बोटं वर उचलायला सांगायची. एक पाय उचलला गेला नाही आणि त्याच बाजूचा हात जड वाटतो म्हणाला, तर नखं राहू द्या, धावत जाऊन फोन करा, कारण बिघाड पायात नसतो, डोक्यात असतो, आणि कधीकधी तो पाच मिनिटांत ओसरतो आणि दोन दिवसांनी परत येऊन माणसाला नेतो. सगळ्या पोरी वहीत लिहून घेत होत्या. डिम्पनाने पेन खाली ठेवलं आणि आपल्या डाव्या हाताची बोटं उघडून मिटून पाहिली. तिथून पुढे तिने एकाही पेशंटची ती तपासणी चुकवली नाही, म्हातारा असो की तिशीचा. लोक हसत. "डिम्पना, माझं कुरूप काढ, मला सर्कशीत जायचं नाही." तिच्यामुळे दोघांचे जीव वाचले होते, एक पोस्टमन आणि एक नन. ती दोन नावं ती मनाशी धरून होती. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात टाकायला, पण पारडं काही हलत नव्हतं.

आणि आता ती धून बाहेर फिरत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं तिला त्या आठवड्यात जिथे तिथे ती ऐकू येऊ लागली. मोबाइलवर शोधायला तिने इतकी वर्षं धीर केला नव्हता. बुधवारी भर दुपारी, स्वयंपाकघरात, हातमोजेही न काढता तिने ते नाव टाकलं. बॉस्टनमधली माणसं वाजवत होती. जपानमधली तीन मुलं वाजवत होती, डोळे मिटून, आणि त्या सुराशी आली की तिघांची मान एकदम एका अंगाला कलायची. एका ठिकाणी कुणी धडाच दिला होता: मॅरिनन यांचं लांब पाऊल कसं साधावं. बोट दाबून धरा, घाई करू नका. मग सगळ्यांच्या खाली खुद्द टेप. तिने ती लावली. चुलीत जळताना फुटणारं पीट ऐकू आलं. आणि फरशीवरचा बूट. ठक, ठक, ठक, ठक. मार्टी डावा पाय वाजवायचे. तिने मोबाइल कानाशी धरला. ठक, ठक, आणि मग नाही. बूट आधी थांबतो. सूर लांबतो तो त्यानंतर दोन मात्रा गेल्यावर. पुढची सगळी धून, फेऱ्या संपेपर्यंत, पायाशिवाय आहे. हे कुणी लिहिलेलं नव्हतं. हजारो लोकांनी सूर ऐकला होता, पाय कुणी ऐकला नव्हता. "हात झोपलाय माझा" आणि तिचं "अजून एकदा" कुणीतरी कापून टाकलेलं, तिथे नुसती शांतता होती. त्यानंतर तीन पेशंट होते. तिसऱ्याचा डावा पाय हातात घेताना त्याच्या मोज्याच्या टाचेवर करड्या लोकरीचा रफू दिसला, मार्टींच्या मोज्याला टेस घालायची तसाच, आणि तिला क्षणभर वर चेहरा बघायचीच भीती वाटली. संध्याकाळी साइव्हचा फोन आला. आज्जीकडून नंबर घेतला होता. "अंगठा बरा आहे, ते सांगायला केला. आणि बाई, रागावू नका, पण त्या दिवशी तुम्ही म्हणालात की यातलं कळत नाही. पण मी वाजवत होते तेव्हा तुमचा पाय चालू होता. दाराच्या फटीतून दिसलं मला. सूर लांबायच्या आधीच थांबला. नवख्या माणसाचा पाय सूर लांबल्यावर चुकतो." पोरीचे कान अडाणी नव्हते. "महिन्याअखेर प्रबंध द्यायचाय," साइव्ह म्हणाली. "कुणाला काही माहीत असेल, तर मला चुकीचं छापायचं नाहीये. एवढंच."

शनिवारी डिम्पना क्लेअरला गेली. आधी साइव्हकडे न जाता टेसकडे, कारण वडील टेसचे होते. एनिसहून पुढची बस जवळजवळ रिकामी होती, आणि वाटेतले दगडी बांध, त्यांच्यामागे तोंड एका बाजूला करून उभ्या गायी, सगळं जिथल्या तिथे. घर नव्याने रंगवलेलं. टेस आता पासष्टची, कंबर धरून चालणारी, पण दारातच म्हणाली, "डिम्पना लॉलर. चहा उकळून गार झाला की गं, पस्तीस वर्षं." आत चूल होती, फरशी होती, भिंतीवर मार्टींची फिडल खिळ्याला टांगलेली. तारा नव्या. "उन्हाळ्यात येतात पोरंटोरं," टेस म्हणाली. "जर्मन, जपानी. वडिलांची फिडल वाजवू का म्हणतात. मी म्हणते वाजवा. तारा तेच घालून जातात. सगळी तीच एक धून वाजवतात, आणि त्या जागी आले की माझ्याकडे बघतात, मी रडते की काय म्हणून." तिने सोडा ब्रेड कापला, लोणी पुढे सरकवलं. डिम्पनाने बसमध्ये वाक्यं जुळवली होती. ती तोंडात आली आणि ब्रेडबरोबर गिळली गेली. एका म्हाताऱ्या बाईला तिच्या बापाचं जगात एवढंच नाव उरलंय, ती दीड मात्रा. ती काढून घ्यायला आपण आलो आहोत, असं वाटून तिने ब्रेडचा आणखी एक तुकडा उचलला. "तू वाजवतेस का अजून?" "नाही. त्यानंतर नाही." "मग आज वाजव." टेसने फिडल उतरवली आणि तिच्या मांडीवर ठेवली, मूल द्यावं तशी. "इतक्या लांबून तू ब्रेड खायला आलेली नाहीस."

बोटं आखडली होती. पहिले सूर किरकिरले. तिचे वडील म्हणायचे तसं अगदी वंगण न घातलेलं दार. पण पहिला भाग संपेस्तो हात ओळखीचे झाले. समोर टेस खुर्चीत बसली होती, हात मांडीवर, आणि तिचा डावा बूट फरशीवर पडत होता. ठक, ठक. मार्टींच्याच चालीने. डिम्पनाने मनाशी ठरवलं होतं की सरळ वाजवायचं. तोंडाने नाही जमत तर हाताने सांगू. तिसऱ्या वळणावर बोट उचलायचं, पुढच्या सुरावर जायचं. टेसला कळेल, विचारेल, मग सांगू. दुसरा भाग लागला. पहिलं वळण. दुसरं. आणि टेसचा बूट थांबला. सूर लांबायच्या आधी, बरोबर दोन मात्रा आधी, तो थांबला आणि फरशीवर तसाच टेकून राहिला. डिम्पनाचं बोट जागीच राहिलं. गज टोकापर्यंत ओढला गेला, आणि पुढे धून आलीच नाही.

"पाय आधी जातो," टेस म्हणाली. "मी ट्रे घेऊन तिथे दारात होते. तू त्या यंत्राकडे बघत होतीस. मी त्यांच्याकडे बघत होते. बूट थांबलेला मी पाहिला. हात झोपला म्हणाले तेही ऐकलं."

"टेस, मी त्यांना अजून एकदा म्हणाले."

"म्हणालीस. आणि मग डॅडींनी माझ्याकडे पाहिलं. तू काटा बघत होतीस, तुला दिसलं नाही. नको म्हण, असं डोळ्यांनी म्हणत होते. आणि मी म्हणाले, वाजवा हो डॅडी, ती बिचारी डब्लिनहून येते."

चुलीत काहीतरी खाली सरकलं. डिम्पनाला ते वाक्य आठवेना. टेपवर नव्हतं, तिच्या डोक्यातही नव्हतं. पस्तीस वर्षं ती त्या खोलीत एकटीच अपराधी होती, आणि दारात ट्रे घेऊन दुसरी उभी आहे हे तिने एकदाही वळून पाहिलं नव्हतं. "मी संग्रहालयवाल्यांना सांगितलं की ते नेहमीच तसं वाजवायचे." "ठाऊक आहे. मला विचारायला आले होते. मीही हो म्हणाले." टेसने मांडीवरचे ब्रेडचे कण झटकले. "काय सांगणार होते? झाकली मूठ. मग लोक यायला लागले. आता त्या गल्लीतल्या पोरालाही ते येतं." डिम्पनाने साइव्हबद्दल सांगितलं, प्रबंधाबद्दल. पोरीने आपला थांबलेला पाय पाहिला त्याबद्दल. टेसने ऐकून घेतलं. "पाठव तिला इकडे. तू सांगू नकोस, माझे वडील होते, मी सांगेन. मग छापायचं की नाही ते तिचं ती बघेल." मग ती पुढे वाकली. "आता मला एकदा ती आधीसारखी वाजवून दाखव. ते थांबायच्या आधी वाजवायचे तशी. मी लहानपणी त्या धुनेवर झोपायचे गं. पण त्या पोराटोरांचं ऐकून ऐकून माझं पुसलं गेलंय. तू दोन वर्षं शिकलीस त्यांच्याकडे. तुझ्याकडे असेल."

डिम्पनाने फिडल पुन्हा लावली. दुसरा भाग, पहिलं वळण, दुसरं, तिसरं. बोट राहिलं. पुन्हा. या वेळी तिने बोट बळेच उचललं, तर पुढे कुठल्या सुरावर जायचं ते कळेना. जिथे टेकवलं तो सूर परका लागला. टेसने तोंडाने गुणगुणून पाहिलं, डिडल-डी, डिडल-डी, आणि त्याच जागी तीही श्वास धरून राहिली. चार वेळा झालं, पाच वेळा. त्या दीड मात्रेखाली एक सूर होता, मार्टींच्या आईने त्यांना दिलेला, आणि तो कुठला होता हे सांगणारं आता जगात कुणी नव्हतं. आठवायला दोघीच उरल्या होत्या, आणि दोघींनाही आठवत नव्हतं. डिम्पनाच्या डोळ्यांतून पाणी हनुवटीखालच्या लाकडावर पडलं. तिने ते बाहीने पुसलं आणि पुन्हा पुसलं.

"राहू दे," टेस म्हणाली. "थांबलेत ना तिथे, थांबू देत. पण पुरी कर. त्यांनी तशातही पुरी केली होती."

डिम्पनाने पहिल्यापासून सुरुवात केली. दोघींचे बूट फरशीवर पडत होते, ती जागा येईपर्यंत. मग ते थांबले, सूर लांबला, आणि उरलेली धून तिने पाय न वाजवता शेवटपर्यंत नेली.